चार दहाचा खटका

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. भर अमावास्येला नवी गाडी घरी आणलेला माणूस आहे मी. ऑफिसात सर्व्हर सांभाळायचं काम, त्यामुळे काहीही बंद पडलं की आधी वायर, मग पॉवर, मग डिस्क — हा क्रम डोक्यात पक्का. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी जे झालं ते या क्रमात कुठेच बसत नाही... म्हणून लिहितोय. हसायचं तर हसा.

मुलुंड पूर्वेला एका जुन्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. मी, बायको वैशाली आणि आई. अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन वर्षांपूर्वी गेले. अण्णा वायरमन. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर चार वर्षं मस्कतला, आणि परत आल्यावर रिटायर होईपर्यंत भांडुपच्या एका कारखान्यात. या घराचं सगळं वायरिंग त्यांच्या हातचं. पहिली पाळी करून चारच्या सुमाराला घरी आले की हातपाय धुवायच्याही आधी प्रत्येक खोलीतल्या स्विचबोर्डला उलटा हात लावून बघायचे, कुठे तापलाय का म्हणून. मी आणि धाकटी बहीण चिडवायचो, "अण्णा, ताप आहे का? डॉक्टरला बोलवू?" ते म्हणायचे, "हसा, हसा. लाइट कोणाची गय करत नाही."

मस्कतच्या त्या चार वर्षांत फोन म्हणजे चैन. अण्णा कॅसेट भरून पाठवायचे, गावचं कोणी सुट्टीवर येत असेल त्याच्या बॅगेतून. आई टेपरेकॉर्डर मधोमध ठेवायची आणि आम्ही भोवती बसायचो. "गे, आयकतंस मा?" अशी मालवणीत सुरुवात. मग माझा अभ्यास, धाकटीचा खोकला, गावी आंब्याला मोहर आला का... बोलून झालं आणि टेप उरली, तर ती वाया कशाला घालवा म्हणून रेकॉर्डर तसाच चालू ठेवून स्वयंपाकाला लागायचे. फोडणीचा चर्रकन आवाज, कुकरची शिट्टी, मध्येच एक सणसणीत शिंक! आईला त्याच कॅसेट सगळ्यात जास्त आवडायच्या. काय दिवस होते यार ते. एका शिंकेवर आम्ही आठवडाभर हसायचो.

अण्णा गेल्यावर मी त्या सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. बासष्ट होत्या. अण्णांच्याच खोलीत एक छोटा सर्व्हर मांडला, दोन डिस्कचा. दोन्हीवर तेच सगळं, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. आई रोज संध्याकाळी चहानंतर टॅबवर एक कॅसेट ऐकायची. मूळ कॅसेटना बुरशी धरली होती, त्या मी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. आईला न सांगता. आणखी एक कॉपी वेगळीकडे ठेवायची होती... उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो. ऑफिसात लोकांना बॅकअपवर लेक्चर देणारा मी! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

एप्रिलमध्ये ती खोली तापायला लागली. डिस्कना उष्णता वाईट, म्हणून बेडरूममधला जुना विंडो एसी तिथे बसवला आणि दुपारी दोन ते पाच टायमरवर टाकला. त्या खोलीत एसीचा पॉइंट नाही. मग मी काय केलं? मोठ्या पिनेला कन्व्हर्टर लावला, एक एक्स्टेन्शन घेतलं, आणि एसी अन् सर्व्हर दोघांनाही अण्णांच्या साध्या पाच अँपिअरच्या सॉकेटवर, एकाच स्विचखाली कोंबलं. अण्णा असते तर मला घराबाहेर काढलं असतं.

आठवड्याभरात सर्व्हर बंद पडायला लागला. रोज ऑफिसातून यावं तर हा झोपलेला. लॉग काढून बघितला — रोज चार दहाला पॉवर गेलेली. यूपीएस होता, पण त्याच्या बॅटरीने कधीच मान टाकली होती. आई म्हणाली, लाइट गेलीच नाही, पंखा चालू होता की. खोलीत जाऊन बघितलं तर त्या सॉकेटचा स्विचच बंद.

"आई, तू बंद करतेस का?"

"मी कशाला जाऊ भर दुपारी त्या खोलीत?"

वैशाली तेव्हा कामावर. मी पॉवर सप्लाय बदलला, केबल बदलल्या, शेवटी कॅमेरा लावला. दुसऱ्या दिवशी बघतो तर चार नऊपर्यंत व्यवस्थित चित्र, पुढे काहीच नाही. का? तर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठत होतं त्याच सर्व्हरवर! वैशाली हसता हसता ठसका लागून बसली.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. रोज असे झटके खाऊन एक डिस्क मेली. चार दिवसांनी दुसरी टकटक करायला लागली. डिस्क टकटक करते म्हणजे तिचे दिवस भरले. त्या संध्याकाळी आईने टॅब हातात घेऊन विचारलं, "आज हे लागत नाहीत काय रे?"

रविवारी सकाळी आठला सगळं सोडून बसलो. त्या आजारी डिस्कवरून एकेक कॅसेट लॅपटॉपवर उतरवायला घेतली. एकेकीला दहा-अकरा मिनिटं लागत होती. आता परत पॉवर गेली तर डिस्क उठेल याची काही खात्री नव्हती, म्हणून सर्व्हर बंद करून दुसऱ्या सॉकेटवर हलवायचीही सोय नव्हती. स्विचवर मी आडवी सेलोटेप मारून ठेवली. वैशाली बोरिवलीला बहिणीकडे गेलेली, आई हॉलमध्ये. पावणेचारला मी स्टूल टाकून बोर्डासमोरच बसलो.

चार दहा. सेलोटेपचं एक टोक सुटलं. हळूच, कोणी नखाने सोडवावं तसं. आणि खटका वर गेला. टक्.

लक्षात घ्या, आपल्याकडे खटका खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद. सैल झालेला खटका एकवेळ खाली पडेल. वर कसा चढेल?

घाबरायचं सोडून मला राग आला. चव्वेचाळीस झाल्या होत्या, अठरा बाकी होत्या! "काय चाललंय काय!" असं ओरडून मी खटक्याकडे हात नेला, तर दारातून आईचा आवाज.

"थांब! आधी उलटो हात लाव."

अशा आवाजात ती मी शाळेत असताना बोलायची. मी मुकाट्याने उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला. बोर्ड तव्यासारखा तापला होता.

मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला. आत वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या, मागची लाकडी फळी कोळसा झालेली. त्या भिंतीला लागूनच पलीकडे आईचा दिवाण आहे, दुपारी ती तिथेच आडवी होते. कॉलनीतले वायरमन मोरेकाका आले, आत डोकावले आणि म्हणाले, "तुझ्या अण्णांचं काम चोख आहे रे. वाट तू लावलीस." स्विच सोडवून बघितला त्यांनी. स्प्रिंग शाबूत. आपोआप बंद होण्यासारखं त्यात काही नाही म्हणाले.

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगून टाकलं. "आई, कॅसेट मी टाकून दिल्या. अठरा अजून त्या डिस्कमध्येच आहेत, निघतील की नाही माहीत नाही." बोलताना रडायलाच आलं. इतका मोठा घोडा झालोय, पण आलं. आई उठून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मग म्हणाली, "पाणी पी आधी."

दुसऱ्या दिवशी मोरेकाकांनी नवीन लाइन ओढून नवा बोर्ड बसवला. डिस्क लावली. टकटक, टकटक... आणि फिरली! अठराच्या अठरा निघाल्या. संध्याकाळी ती जी बंद पडली ती कायमची. आता चार ठिकाणी कॉपी आहेत, एक धाकटीकडे नाशिकलासुद्धा.

नव्या बोर्डावरचा स्विच एकदाही आपोआप बंद झाला नाही. जुना खटका उष्णतेने वाकला असेल, माझाच भ्रम असेल, सगळं धरून बघितलं. पण मग रोज चार दहालाच का? आणि ती सेलोटेप कशी सुटली?

आणखी एक सांगायचं आहे. महिन्याभराने मी घरून काम करत होतो. चारच्या सुमाराला हॉलमध्ये आलो तर आई दिवाणावर बसून त्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

"काय गं, कॅसेट लावून देऊ का?"

"नको." नजर दारावरच. "तू ते बोर्डाचं काम करून घेतलंस ना, तेव्हापासून येत नाहीत रे."

"कोण?"

"एप्रिलपासून रोज येत होते ह्या वेळेला. मी डोळे मिटून पडून राहायची. उठले तर जातील, असं वाटायचं."

मी तिच्या शेजारी बसलो. म्हटलं, "आई, मी इतके दिवस डोकं फोडत होतो. मला एकदा तरी सांगायचंस ना गं."

"तुला सांगितलं असतं," आई म्हणाली, "तर तू दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केलं असतंस."