दोऱ्यापुढची पानं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून मी दुसरं काही लपवलं नव्हतं. विषय जवळ आला की मी वाऱ्याबद्दल बोलायला लागायचो, मासळीबद्दल, एसटी का चुकली त्याबद्दल. वर्षं अशीच गेली. बरी गेली, खोटं कशाला बोलू? पण हे एक राहिलं.

मुरुडच्या अलीकडे, समुद्राला लागून आमचं गाव. शाळेतली नोकरी संपल्यावर मी देवळामागच्या खोलीत मुलांसाठी वाचनालय सुरू केलं. दोन कपाटं, एक चटई. संध्याकाळी मुलं जमायची आणि मी मोठ्यानं वाचायचो. चांगलं वाचायचो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

कोळीवाड्यातली निकिता तेव्हा पहिलीत होती. तिचा बाप दिनेश फौजेत. सुट्टी संपवून सीमेवर निघाला त्या सकाळी तो तिला घेऊन माझ्याकडे आला. हातात चित्रांचं एक पुस्तक, वाट चुकलेल्या लहानशा होडीची गोष्ट. सुट्टीभर त्यानं ते तिला थोडं थोडं वाचून दाखवलं होतं आणि शेवटची पानं मुद्दाम ठेवली होती. मध्ये खूण म्हणून जाळ्याचा निळा दोरा.

"काका, बाकीची पुस्तकं वाचा तिला पायजे तेवढी," तो म्हणाला. "दोऱ्यापुढची पानं मातर माझी. मी आलो का वाचीन. हे तुमच्यापाशीच ठेवा, घरी राहिलं तर ही उघडील."

ही रीत त्याच्या आईची. घरचा माणूस होडीवर गेला की ती शिवायला घेतलेल्या जाळ्यातलं एक भोक तसंच ठेवायची. काम बाकी असलं की माणूस माघारी येतो, म्हणायची. मी हसलो की म्हणायची, "हस रं मास्तरा. तुजा कोन जातंय दर्यान?"

खरंच, माझं कोण जात होतं?

ते महिने सुखाचे होते. बाप दूर गेलेल्या पोरीला काय वाचून दाखवावं, याचा मी विचार करायचो, अलिबागला जाऊन पुस्तकं आणायचो. दाण्यासाठी लांब उडून गेलेली चिमणी, डोंगरापलीकडे गेलेलं अस्वल. निकिता प्रत्येक गोष्टीत एकच विचारायची, "यांचे बाबा पन ड्युटीवर हायत?" मी हो म्हणायचो. मग ती निवांत ऐकायची. रात्री रडत नाही आता, असं तिची आई सांगायची. मला वाटायचं — हे मी केलं.

एकदा वाचून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही छान वाचता. पण बाबा होडीचा आवाज काढतात."

एवढंच. सहा वर्षांच्या पोरीचं एवढं वाक्य, आणि साठी उलटलेल्या माणसाला ते लागलं. मी दोन-तीन दिवस घरी एकटाच होडीचा आवाज काढून बघत होतो. हसू येतंय ना? मलाही आलं असतं, तिथेच थांबलो असतो तर.

एका संध्याकाळी दुसरी मुलं आली नव्हती. मी ते पुस्तक काढलं. तिनं मागितलं नव्हतं — हे नीट लक्षात घ्या. तिनं दोऱ्यावर हात ठेवला. "ही बाबांची पानं." मी तिचा हात अलगद बाजूला केला आणि शेवटपर्यंत वाचलं. आवाज काढला. बापापेक्षा चांगला काढला. ती हसली, टाळ्या वाजवल्या. मग तिला चटईवर पडलेला दोरा दिसला.

"आता बाबांचं काय काम बाकी राह्यलं?"

मी काय केलं? दोरा होता तिथे परत ठेवला आणि तिला म्हणालो, "कुणाला सांगायचं नाही हं. आपल्या दोघांतच."

नंतर दिनेशचा फोन यायचा थांबला. बर्फामुळे, पुढे कळलं. निकिता जेवेना. ताप आला. आजीनं मीठमोहऱ्या उतरवून दृष्ट काढली. तिची आई माझ्याकडे आली — "काका, तुमचं ऐकते ती, तुम्हीच काहीतरी वाचा." मी तिच्या उशाशी बसून वाचलं. पोर माझ्याकडे बघत होती, आणि ती कशाला घाबरली आहे हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. एक वाक्य बोललो असतो तर तिचं ओझं उतरलं असतं. पण ते माझ्यावर आलं असतं. मी पान उलटलं.

फोन आला. नारळी पुनवेला दिनेश स्वतः आला. सगळं घर घेऊन वाचनालयात बसला, दोरा काढला, वाचू लागला. होडी किनाऱ्याला लागली तेव्हा निकितानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "आली! बाबा, होडी आली!" जणू पहिल्यांदाच ऐकत होती. मग एकदा माझ्याकडे पाहिलं — बरोबर केलं ना, असं.

दिनेशनं माझे हात धरले. "काका, तुम्ही पानं राखलीत."

"राखणारच," मी म्हणालो.

दिनेश आता निवृत्त आहे. त्याची स्वतःची होडी आहे, चांगलं पापलेट मिळालं की माझ्या दारात थांबतो. निकिता उरणला असते, न्हावा शेव्याला नोकरी करते. नवरा नौदलात. गेल्या महिन्यात ती मुलाला घेऊन आली. चटईवर बसून त्याला एक पुस्तक वाचून दाखवलं आणि शेवटाआधी थांबून दोरा घातला. मी सवयीनं हात पुढे केला, ठेवून घेतो म्हणून. तिनं पुस्तक पिशवीत टाकलं.

"राहू दे काका, माझ्याकडेच बरं," ती हसून म्हणाली. त्या हसण्यात राग नव्हता. तिनं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, पाया पडली.

"येते काका."

शब्द तयार होते. ती पानं मी वाचली, निकिता, आणि तुला गप्प मी बसवलं. चुकलो.

"ये," मी म्हणालो. "सावकाश जा."