फिलोनं उचललेली पहिली ओळ

फिलोमिन माझी पाठची बहीण. सख्खी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की भाऊ आहे म्हणून फुगवून सांगतोय. फुगवायची गरजच नाही. आम्हा मूळनिवासींच्या राखीव मुलखात डीस्मेट गावापासून वॉर्ली गावापर्यंत कुणालाही विचारा, असा आवाज आमच्या अख्ख्या जमातीत दुसरा नाही. लहानपणी ती परसात उभी राहून आम्हा भावंडांना जेवायला हाक मारायची, तर ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्यांची कुत्रीसुद्धा धावत यायची.

याच आवाजावर तिनं नोकरी मिळवली. जमातीच्या कसिनोत ती बिंगोचे आकडे पुकारते; हाऊजीसारखाच खेळ, ज्याचे आकडे आधी भरतात तो 'बिंगो!' ओरडतो. तिची सुट्टी असली आणि दुसरं कोणी पुकारायला उभं राहिलं, तर म्हाताऱ्या बायका नाक मुरडून कॉफी प्यायला निघून जातात.

पण तिचा जीव अडकलेला वेगळ्याच ठिकाणी. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्यापाशी सगळे जागायला बसतात. जपमाळ होते, आणि मधून मधून आमच्या भाषेतली देवाची गाणी. वाजंत्री नाही, काही नाही. एकानं पहिली ओळ एकट्यानं उचलायची आणि दुसऱ्या ओळीला सगळ्यांनी त्यात शिरायचं. लोक शिरले तर गाणं झालं. नाही शिरले तर उचलणारा चारचौघांत उघडा पडला. आमच्याकडे उचलणारे म्हणजे बाझिलकाका. फिलो पोरवयापासून त्यांच्या मागच्या बाकावर बसत आली. सगळी गाणी तिला पाठ, पण पहिली ओळ तिनं कधी ओठांवर आणली नाही. ती काकांची.

यंदा काका न्यूमोनियातून उठले, पण आवाज काही उठला नाही. नाकात नळी, छातीत घरघर. आणि ऑगस्टात आला मरियामातेचा सण. तो आम्ही कटाल्डोच्या टेकडीवरच्या जुन्या देवळात करतो. ते देऊळ आमच्या खापरपणज्यांनी खिळा न ठोकता उभं केलंय, हेही ऐकून ठेवा. सणालाही हीच गाणी लागतात, तर आता ती उचलणार कोण?

आमच्या चुलतभावाच्या बायकोनं, ओडिलियावहिनीनं, तोडगा काढला. तिच्या गेलेल्या आईची गाणी कोणीतरी पूर्वी टेपवर भरून ठेवलेली. ती तिनं फोनवर चढवून घेतली आणि सणाच्या दिवशी चांगला दणकट स्पीकर घेऊन आली.

"बटण दाबलं की आई गाईल," देवळाबाहेरच्या गवतावर ती सगळ्यांना सांगत होती. "चुकायचा प्रश्नच नाही."

"आणि आम्ही काय करायचं?" फिलोनं विचारलं.

"तुम्ही ऐका."

"वहिनी, गेलेल्यांनी गायचं आणि जित्यांनी गप बसायचं? उलटंच झालं की हे."

"मग तू गा! पण बाई, देवापुढे आकडे नको पुकारूस. नाहीतर फादर 'बिंगो!' म्हणून उठतील."

सगळे खो खो हसले. फिलोही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला ठाऊक आहे त्या कधी लाल होतात.

बाझिलकाका चाकाच्या खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी बोट वाकवून तिला जवळ बोलावलं.

"आज तू उचल."

"काका, लोक शिरले नाहीत तर?"

"तर पुढच्या सणापासून बटण," काका म्हणाले आणि खोकत बसले.

देऊळ गच्च भरलं होतं. फादरनी मानेनं खूण केली. फिलो उभी राहिली, घसा खाकरला आणि पहिली ओळ सोडली. कशी सोडली! थेट छताला जाऊन आपटली. कसिनोतल्या यंत्रांच्या खणखणाटावरून आकडे फेकायची सवय ती, हॉलच्या टोकाला बसलेल्या बहिऱ्या म्हातारीलाही ऐकू जावं अशी. दुसरी ओळ आली. बायकांनी तोंडं उघडली, वर बघितलं आणि मिटून घेतली. तेवढ्या उंचीवर जाणार कोण? ती ओळ फिलो एकटीच गायली. तिसरीही एकटीच. ओडिलियावहिनीचा हात हळूच पर्समधल्या फोनकडे गेला.

आणि फिलो थांबली. गाणं मध्येच थांबवलेलं त्या देवळात आम्ही कोणी पाहिलं नव्हतं.

"चुकलं," ती म्हणाली. "फार वर धरलं मी. तिथं शिडी लावूनही कोणी पोचायचं नाही. परत घेते."

"जरा खालीच घे गं पोरी," मागून कोणी म्हातारा ओरडला, "आमचे गुडघे दुखतात!"

देऊळ हसलं. फादरही हसले. फिलोनं डोळे मिटले आणि आवाज उतरवला. उतरवत उतरवत तो तिथं नेला, जिथं आमच्या आज्या कॅमसचे कंद सोलताना आपापसांत बोलायच्या. तिथून पहिली ओळ उचलली. दुसऱ्या ओळीला मागच्या बाकावरचे लाकूडगिरणीतले पुरुष शिरले. त्यांत पहिला कोण होता, ते मी सांगत नाही. विचारलंत तर सांगेन. मग बायका शिरल्या, मग पोरंटोरं. वहिनी दोन कडवी ओठ घट्ट मिटून बसली होती. तिसऱ्याला तिचे ओठ हलले, आणि फोन पर्समध्येच राहिला. बाझिलकाका खुर्चीच्या दांड्यावर बोटांनी ठेका धरून होते.

जेवणाला एल्क हरणाचा रस्सा, तळलेली भाकर आणि हकलबेरीचा मुरंबा. वहिनी ताट घेऊन फिलोशेजारी टेकली.

"तिसऱ्या कडव्यात आईसारखा हेल काढलास."

"त्यांचाच चोरलाय."

"चोरायचा तर नीट चोर. शेवटी ती आणखी जरा ओढायची." आणि आपल्या ताटातला मुरंबा तिच्या भाकरीवर घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फिलोच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो. ती कामावर निघायच्या बेतात होती. दारात पिकअप थांबला. प्लमर गावचा टिमथी, ट्रक दुरुस्त करतो तो, टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"आजी गेली पहाटे," तो म्हणाला. "संध्याकाळपासून बसायचंय. आई म्हणाली, फिलोमावशीला घेऊन ये."

"बाझिलकाकांकडे जाऊन आलास?"

"नाही. आई म्हणाली, मावशीलाच."

फिलोनं कसिनोत फोन करून आज येणार नाही म्हणून सांगितलं, काळा रुमाल डोक्याला बांधला, जपमाळ खिशात टाकली आणि पिकअपमध्ये चढली.

"आजीला कुठलं गाणं आवडायचं रे?"

"नाव नाही ठाऊक, मावशी. भांडी घासताना गुणगुणायची एक."

"म्हण बरं."

तो लाजला. "मला नाही येत."

"येईल तसं म्हण."

किल्ली फिरवत त्यानं गुणगुणलं, अगदी बेसूर. फिलोनं दोन-तीन स्वर ऐकले, मान डोलावली आणि तेच गाणं खालच्या आवाजात धरलं.