ओवून ठेवलेल्या सुया

मावशी दोरा कधी दातांनी तोडत नसत. कात्री देताना मूठ समोरच्याकडे करत. गाठ मारताना श्वास रोखत आणि गाठ बसली की स्वतःशीच "हं" म्हणत. चहा पार कोमट झाल्याशिवाय पीत नसत. जिन्यात कोण आहे ते पावलांवरून ओळखत. साहित्यातल्या माझ्या एम.ए.ला त्या "तुझं ते गोष्टींचं कॉलेज" म्हणत.

इस्पितळाच्या कपडेघरात त्यांनी एकतीस वर्षं चादरी आणि रुग्णांचे गाऊन दुरुस्त केले. निवृत्तीनंतर घरी शनिवारची बैठक सुरू केली. आम्ही तिघं जायचो. घड्याळवाले काका पुठ्ठ्याचे डबे करायचे. शाळेच्या बाई टेबलक्लॉथवर भरतकाम करायच्या. मी खालच्या मजल्यावरची भाडेकरू. वह्यांना कापडी कव्हरं शिवायची. मावशी चिंध्यांच्या बाहुल्या करायच्या. हातांपेक्षा तोंडंच जास्त चालायची.

"बाई, हे फूल आहे की कोबी?" काका विचारायचे.

"आधी तुमच्या डब्याला झाकण बसू दे, मग बोला."

गेल्या वर्षी मावशींची नजर अधू झाली. घरातला वावर ठीक होता, शिवणही बोटांच्या अंदाजाने सरळ यायची. फक्त सुईचं नेढं दिसेना. हे मुलाला सांगायचं नव्हतं. तो दुसऱ्या शहरात राहायचा आणि त्याने बजावलं होतं, "ज्या दिवशी तुझं तुला जमेना, त्या दिवशी तुला घेऊन जाणार." मावशींना हे घर सोडायचं नव्हतं. त्यांची एवढीच इच्छा होती.

सुई ओवून द्या, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पण निघताना आमच्यापैकी कुणीतरी सात-आठ सुया ओवून त्यांच्या सुयांच्या उशीत खोचून ठेवायचं. काका तर डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून ओवायचे. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे.

मुलगा येणार होता त्या शनिवारी आम्हा तिघांनाही धाकधूक होती. तिघांनीही एकमेकांना न सांगता घरूनच सुया ओवून आणल्या आणि संधी मिळताच खोचल्या. उशीचं साळिंदर झालं. ते आमच्या लक्षात आलं तेव्हा मुलगा दारात होता.

"काय, कारखाना जोरात दिसतोय!" तो हसत म्हणाला. मग बाही पुढे केली. "आई, हे बटण बघ गं, लटकतंय."

"काढ शर्ट."

मला आनंद झाला. आईचं आईला जमतंय हे आता याला दिसेल, असं वाटलं. मावशींनी एक सुई उपसली आणि बोटाने भोकं शोधून टाके घालायला लागल्या. मुलगा कौतुकाने बघत होता. मग त्याची नजर उशीवर गेली.

"आई, इतक्या सुया? आणि सगळ्या ओवलेल्या?"

"माझ्या आहेत," मी म्हणाले. "मला एकदम लागतात."

"चाळीस?"

"नमुन्याचे रंग आहेत ते," बाई म्हणाल्या. काका उगाच खोकले.

मावशींचा हात थांबला. "गप्प बसा सगळे. इतकी गोष्टींच्या कॉलेजात शिकली, पण हिला एक थाप धड मारता येत नाही." मग मुलाकडे तोंड करून म्हणाल्या, "मला नेढं दिसत नाही. वर्ष झालं. ही माणसं ओवून देतात."

बटणाला चार भोकं होती, दोन झाली होती. मावशींनी दोरा कापला आणि शर्ट घडी करून बाजूला ठेवला. त्या भांडतील असं मला वाटलं होतं. आम्ही सुया कमी आणल्या असत्या तर, हे मी अजून मोजते आहे.

आठवड्याभरात मुलगा त्यांना घेऊन गेला.

काल मी फोन केला. मुलाने उचलला. आई बरी आहे, म्हणाला. जेवते, बाल्कनीत बसते.

"आणि शिवण?"

"तो शर्ट तसाच पडलाय. शिंप्याकडे नेतो म्हटलं तर हात लावू देत नाही. दोन भोकं राहिलीत, मी करीन म्हणते."

"मग करत का नाहीत?"

"कुणास ठाऊक. सुई, दोऱ्याचं रीळ, सगळं तिच्यासमोर ठेवलंय. नुसती घेऊन बसते."