ओलेतं आणि विजेची शेगडी

आज सुनेने ओल्या हाताने इंडक्शनचं बटण दाबलं आणि मी तिच्या मनगटावर फटका मारला. "आई, याला काही होत नाही हो!" ती चिडली. होतं. मी पाहिलंय.

डोंबिवलीच्या घरात तेव्हा नवी विजेची शेगडी आली होती, उघड्या तारेचं वेटोळं लाल होणारी. सासूबाई नैवेद्य ओलेत्याने रांधायच्या. "ओल्या लुगड्याने तिच्याजवळ जाऊ नका," मी म्हटलं. "तू शिकवणार मला सोवळं?" असं म्हणत त्यांनी पितळी पातेलं सरकवलं. ते तारेला टेकलं आणि सासूबाई पातेल्यालाच चिकटल्या. दात कडकडत होते, कातडी जळल्याचा वास सुटला. बटण त्यांच्या पाठीमागे होतं. मी कोरडा पाट उचलून त्यांच्या हातावर हाणला. हात सुटला. मी पुन्हा हाणला. हाड मोडलेलं ऐकू आलं.

जमिनीवर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "शिवलीस का गं मला?"

"नाही. पाट शिवला."

पुढच्या सणापासून त्या कोरडं नेसून रांधू लागल्या, डाव्या हाताने. मी त्यांना वाचवलं, असं सगळे अजून सांगतात. पण हात पहिल्याच फटक्याला सुटला होता.