न्यूयॉर्क, साडेबारा हजार किलोमीटर

काशीराम तांडेलाचं गणित सहसा चुकत नसे. मालवणच्या किनाऱ्यावर तीस वर्षं त्याने तांडेल म्हणून होडी हाकली. घड्याळ न बघता तो सांगायचा, बंदर इथून दोन तासांवर, आणि दोन तासांत होडी वाळूला लागायची. याचा त्याला गर्व होता, आणि गर्वाचं घर खाली म्हणतात ते काही उगाच नाही.

२००८ च्या ऑगस्टात त्याची मुलगी वर्षाली शिकायला न्यूयॉर्कला निघाली. तिकिटावरच्या वेळा काशीरामाने स्वतः कॅलेंडरवर उतरवून घेतल्या: मुंबईहून रात्री दीड, तिथे सकाळी साडेसात. म्हणजे सहा तास. मालवणहून मुंबईला जायला एसटीलासुद्धा याहून जास्त लागतात! गडी खूश झाला आणि कुणाला काही विचारायला गेला नाही.

रविवारी सकाळी साडेसातला तो फोनपाशी येऊन बसला. आठ वाजले, नऊ वाजले. दहाला त्याने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, चेडवाचा इमान सुखरूप काठाक लाव रे म्हाराजा!"

होडीला उशीर झाला की या घरात हेच मागणं व्हायचं. विमानाला काठ नसतो, हे त्याला कोण सांगणार? मागे उभ्या असलेल्या बायकोने, हिराने, "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि ती चुलीवरची पिठी ढवळायला आत गेली.

"तुका काय वाटणा नाय गो?" तो खेकसला. हिरा पळी फिरवत राहिली.

बारा वाजले तसा तो उठला. शेजारच्या योगिनीबाई शाळेत शिकवायच्या, त्यांच्याकडे कॉम्प्युटर होता. तो तडक त्यांच्या दारात गेला. होडी परतली नाही की तांडेल आधी विचारतो, ती किती लांब गेली होती. त्याने तेच विचारलं.

"साडेबारा हजार किलोमीटर," बाई म्हणाल्या.

"आणि इमान तासाक किती जाता?"

"आठशे, साडेआठशे धरा."

काशीराम बोटं मोजायला लागला. मध्येच थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजली. "पंधरा तास! म्हणजे चेडू अजून वाटेतच आसा?"

"हो तर! तिकिटावर पोचायची वेळ तिकडच्या घड्याळाची असते, काका. तिकडचे साडेसात म्हणजे आपले संध्याकाळचे पाच."

काशीरामाचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच पायरीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "तीस वर्सां तांडेल मी, आणि सा तासात अमेरिका!" घरी येऊन तो दोन ताटं जेवला.

सहाला फोन वाजला. "बाबा, पोचलंय मी. सामान पण मिळाला." काशीरामाने फोन हिराच्या हातात दिला. ती एवढंच म्हणाली, "जेवलंस गो?" मग फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली.

काशीराम गडबडला. "आता कित्याक रडतंस? पोचला मगे चेडू."

"पोचला म्हणान रडतंय," ती म्हणाली. "तीस वर्सां तुमची वाट बघीत अशीच बसलंय मी. तेवा फोन खंय होतो?"

तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

"माका आज कळला गो," तो म्हणाला.