एकच फाईल

माझ्या वडिलांना सुरतेत सगळे मास्तर म्हणतात. लूमच्या शेडला इथे खातं म्हणतात, आणि खात्यातले बिघडलेले संचे, म्हणजे लूम, दुरुस्त करतो तो मास्तर. कॉलेजच्या फॉर्मवर मी तसंच लिहिलं, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी विचारलं होतं, "कुठल्या शाळेत?"

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी वडील काम करतात त्या उधना भागातल्या खात्यासाठी कॉम्प्युटरवर दुरुस्तीची नोंदवही केली. कुठला संचा, काय बिघडलं, काय बदललं. वडील चौथी शिकलेले, म्हणून बटणं मोठी ठेवली. माहिती साठवायला एक छोटासा डेटाबेस घेतला. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, तो प्रोग्रामच्या पोटातच राहतो आणि सगळं एका फाईलमध्ये ठेवतो. मला याचं इतकं कौतुक होतं की खात्यातले कारकून, ज्यांना सगळे मेहताजी म्हणतात, त्यांना मी दोनदा बजावलं, "काका, एकच फाईल आहे. शनिवारी तेवढीच पेन ड्राइव्हवर घेऊन शेठना द्यायची. बाकी कशाला हात लावू नका."

शेठ, म्हणजे खात्याचे मालक, कापड मार्केटमध्ये बसतात. पहिले तीन शनिवार त्यांनी ती फाईल उघडलीच नाही. चौथ्या शनिवारी उघडली, आणि वडिलांना बोलावून घेतलं. मी पहिल्या दिवशी घातलेल्या नोंदी सोडल्या तर पुढे सगळं कोरं होतं. मास्तर महिनाभर करतो काय? दुसरा माणूस बघू का?

"मी तं रोज लिखस," नवागामच्या आमच्या खोलीत वडील अहिराणीत म्हणाले. "खोटं बोलनं माले येत नही."

"सेव्हचं बटण नक्की दाबत होता ना?" मी विचारलं. 'नक्की' हा शब्द तोंडातून गेल्यावर मलाच टोचला.

दुसऱ्या दिवशी खात्यात जाऊन पाहिलं. तिथल्या कॉम्प्युटरवर वडिलांच्या सगळ्या नोंदी होत्या. म्हणजे इथे आहेत आणि शेठकडे पोचेपर्यंत जातात. मध्ये फक्त मेहताजी. त्यातच एका कारागिराने सांगितलं की मेहताजींचा भाचाही मास्तर आहे आणि काम शोधतोय. मग मला मेहताजींच्या चहा विचारण्यातही काहीतरी दिसायला लागलं.

नोंदी सापडल्याचं वडिलांनाही न सांगता मी सापळा लावला. खात्यात अठ्ठेचाळीस संचे आहेत. मी वडिलांच्या नावावर एकोणपन्नासाव्या संच्याची नोंद घातली, 'पट्टा बदलला'. शनिवारी मेहताजींकडून पेन ड्राइव्ह मागून घेतला आणि माझ्या लॅपटॉपवर लावला. एकोणपन्नास गायब.

"काका, नोंदी तुम्ही काढता," मी म्हणाले. दोन कारागीर वळून बघायला लागले.

"बेन, में तो हाथ पण नथी लगाड्यो!" मेहताजींचा चेहरा उतरला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बस अहीं. जो."

माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी फाईल उचलली आणि पेन ड्राइव्हवर टाकली. मी उघडली. नोंदी नव्हत्याच. तेव्हा कुठे मी त्या फोल्डरकडे नीट पाहिलं. माझ्या फाईलच्या शेजारी तिच्याच नावाच्या, शेपटी लावलेल्या आणखी दोन फाईली होत्या.

"ए तो वायरस छे ने?" मेहताजी म्हणाले. "तमे ज कह्युं हतुं, एक ज फाईल."

प्रोग्राम लिहिताना इंटरनेटवरची एक ओळ मी न समजता चिकटवली होती, काम जलद होतं म्हणून. तिच्यामुळे नव्या नोंदी आधी शेजारच्या फाईलमध्ये जमतात आणि प्रोग्राम नीट बंद केला की मुख्य फाईलमध्ये जातात. मेहताजींनी तो महिनाभर बंदच केला नव्हता. मीच 'हात लावू नका' म्हटलं होतं.

प्रोग्राम बंद केला, फाईल घेतली, आणि वडील, मेहताजी आणि मी मार्केटला गेलो. शेठ एकेक नोंद वाचत होते. वडील उभेच होते. अचानक शेठचं बोट थांबलं.

"मास्तर, ये उनचासवाँ किधर है? मेरे को भी दिखाओ."

घाईत ती नोंद काढायची राहिली होती. मी सगळं सांगितलं. सापळ्याचं मेहताजींना तिथेच कळलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"एक झूठा है, तो बाकी सच्चा कैसे मानूँ?" शेठ म्हणाले.

"मशीन देखो, सेठ," वडील म्हणाले. "कागज मत देखो."

शेठ खरंच खात्यात आले. लिहिलेला प्रत्येक बदललेला भाग वडिलांनी संच्याजवळ नेऊन दाखवला. दुपार गेली त्यात. अठ्ठेचाळीसाव्यापाशी शेठ हात पुसत म्हणाले, दुसरा माणूस बघत नाही, सोमवारी नेहमीसारखं या. मेहताजींची मी माफी मागितली. "जवा दो," ते सोडून द्या अशा अर्थी हात हलवत म्हणाले, पण त्या दिवशी चहाचं विचारलं नाही.

घरी परतताना वडिलांनी विचारलं, "तुले तुन्हा बापवर बी शक व्हता का?"

खोटं बोलावंसं वाटलं. "एक दिवस," मी म्हणाले.

"माले तं आठ दिन व्हता," ते म्हणाले. "वाटे, बटन मीच चुकाडस."