व्हरांड्यातलं कुत्रं

आमच्या भागात माणूस परमुलखात आजारी पडला की त्याला दवाखान्यात नेत नाहीत, गावाकडे आणतात. आधी गाडीत घालायचा, घरी आणून गावचं पाणी पाजायचं, मग काय ते बघायचं. हे मी रागाने लिहितेय, हे आधीच सांगते. राग निवला की लिहीन म्हणून थांबले होते, पण तो काही निवत नाही.

आम्ही गलाईवाले. म्हणजे सराफांकडचं मोडीचं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणारे. वडूजच्या आसपासची आणि तिकडे सांगली जिल्ह्यातली कितीतरी घरं या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. जिथे सराफ गल्ली, तिथे आमचं कुणीतरी. इकडच्या माळावर जोंधळासुद्धा नाखुशीने उगवतो, मग मिसरूड फुटायच्या आत पोरं कुठल्या कुठे जातात. आमचे हे ओडिशातल्या एका लहानशा गावात होते. लग्नानंतर मीही तिकडे गेले. भाषा येईना, भाकरीवाचून जीव तळमळायचा, पण आमचं दोघांचं बरं चाललं होतं. लेक शाळेच्या वयाची झाली तशी तिला गावी सासऱ्यांजवळ ठेवली. आमच्यात हीच रीत. धाकटे दीरही त्याच गावात, आमच्याच दुकानात होते.

जंगलाच्या कडेचं गाव ते. आपल्याकडे पडसं होतं तसा तिथे मलेरिया. पहिल्याच पावसाळ्यात मला झाला. घरातल्या साऱ्या गोधड्या अंगावर घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. यांनी मला उचलून मागच्या गल्लीतल्या सरकारी दवाखान्यात नेलं. बैठी इमारत, भिंतींवर पानाच्या पिचकाऱ्या. सिस्टरने बोट टोचून एका पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला आणि मी बाकावर बसून आहे तोवरच सांगितलं, मलेरिया आहे, त्यातला वाईट. लगोलग इंजेक्शन आलं. एवढीशी पावडरीची बाटली. सिस्टरने ती माझ्यासमोरच हलवून पातळ केली आणि शिरेत दिली. मग दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन बोट टोचायचं आणि साखर बघायचं. मी वैतागून म्हणायचे, बोटांची चाळण झाली. सिस्टरला मराठी कळत नव्हतं. ती हसायची आणि पुन्हा टोचायची. मी बरी होऊन घरी आले.

त्या वेळी सासरे मला बघायला आले होते. एवढा लांबचा प्रवास करून सुनेला बघायला येणारा सासरा आमच्या गावात दुसरा नव्हता, हे मी विसरलेली नाही. पण त्यांनी दवाखान्यात काय पाहिलं? व्हरांड्यात झोपलेलं कुत्रं. तांबडं, एक कान फाटलेलं, पेशंटांच्या नातेवाइकांमध्ये ऐसपैस पसरलेलं. मामा दारातच थबकले. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो.

"ह्यो दवाखाना हाय का गोठा?" ते म्हणाले.

गावी परतल्यावर पारावर, लग्नात, कुणाच्या मातीला गेले तर तिथेही ते ही गोष्ट सांगायचे. मी बरी झाले हे त्या गोष्टीत कधीच नसायचं. कुत्रं मात्र दर खेपेला मोठं होत गेलं.

गेल्या साली पावसाळा सरता सरता यांना ताप आला. संध्याकाळी थंडी वाजायची, सकाळी घाम येऊन उतरायचा. मी म्हणाले, चला मागच्या गल्लीत. यांनी चप्पल घालायच्या आधी गावी फोन लावला. ही आमच्याकडच्या माणसांची सवय. भट्टी कुठेही असू दे, विचारायचं गावाला.

"घरला ये," मामा म्हणाले. फोनवर ते ओरडूनच बोलतात, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं. "त्या कुत्र्याच्या दवाखान्यात पडू नगंस. साताऱ्यात लय मोठा दवाखाना झालाय. काचंचा दरवाजा आपसूक उघडतोय. तू ये, मी समदं बगतो."

मामा असं म्हणाले त्याला कारणही होतं. तरुणपणी ते स्वतः बिहारात गलाईला होते. तापाने फणफणून घरी आले, आईने आंबील पाजली आणि आठवड्याभरात उठून शेतात गेले. तो ताप कसला होता कुणास ठाऊक. पण गावच्या पाण्याने आपण वाचलो, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. ते मायेने बोलावत होते. म्हणून तर त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

मी यांना म्हणाले, "आवं, औषध हितं मागल्या गल्लीत हाय. मी उठली न्हवं तिथनं? तेवढी सुई घ्या, मग कुटं जायाचं ते जाऊ."

"म्हातारं वाट बगतंय," हे म्हणाले. "पोरगीबी दिसंल. आन हितं माजं काय जास्त झालं, तर तुला सांबाळाय कोन हाय?"

दीरसुद्धा म्हणाले, जाऊन या, दुकान मी बघतो. मेडिकलमधून तापाच्या गोळ्या आणल्या. यांनी जाताना भट्टी विझली का ते दोनदा वाकून पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आमचा वळसा तर देश ओलांडून होता.

रेल्वेत पहिल्या दिवशी यांनी चहा मागितला, गावची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसायला लागले. लघवीला जाऊन आले आणि म्हणाले, चहासारखी काळी झाली. मग मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागले. समोरच्या बाकावरची बाई म्हणाली, कावीळ आहे, गळ्यात माळ घाला. पुण्याला उतरून गाडी केली, तोवर यांना आपण कुठे आहोत हेही धड सांगता येत नव्हतं.

वडूजच्या डॉक्टरांनी मात्र वेळ घालवला नाही. रक्त तपासायला दिलं. मी म्हणाले, मलेरिया बघा. त्यांनी तोही बघायला लावला. रिपोर्ट आला, मलेरिया नाही. रक्ताच्या काचेत डोकावणाऱ्या त्या माणसाने मलेरियाचा जंतू शेवटचा कधी पाहिला असेल, देव जाणे. आमच्या कोरड्या भागात तो दिसणार तरी कुठून? पेशी फार कमी झाल्यात, डेंग्यू असेल, साताऱ्याला हलवा, असं सांगून डॉक्टरांनी अँब्युलन्स बोलावली. वडूजला येऊन थांबलेले मामाही आमच्याबरोबर बसले.

औंधाजवळ आल्यावर मामांनी ड्रायव्हरला हाक मारली. "वाईच थांबीव. यमाईचा अंगारा आनतो."

"थांबायचं न्हाई," मी म्हणाले. उभ्या जन्मात मी त्यांच्यासमोर एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते. मामांनी खिडकीतून मागे जाणाऱ्या देवीच्या डोंगराला हात जोडले, आणि डोंगर दिसेनासा झाला तरी ते जोडलेलेच राहिले.

साताऱ्याच्या दवाखान्याचा काचेचा दरवाजा खरंच आपसूक उघडला. आत थंडगार हवा, तोंड दिसेल अशी फरशी, लिफ्ट. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत, बघ, मी काय म्हणत होतो, असं होतं. मलासुद्धा क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढं सगळं आहे तर आपलं माणूस वाचेल, असं वाटलं.

अतिदक्षता विभागातला डॉक्टर तरुण होता, बोलायला चांगला होता. त्याने वडूजचे कागद पाहिले. मी म्हणाले, "डॉक्टर, आमी ओडिशातनं आलोय. तितं लय मलेरिया असतोय. मला झालता, असाच झालता."

"ताई, मलेरियाचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे," तो म्हणाला. "डेंग्यूची साथ चालू आहे. आपण पेशी भरतोय, काळजी करू नका."

"पुन्यांदा बगा की."

मामांनी माझा दंड धरून बाजूला घेतलं. "डॉक्टरास्नी कळतंय न्हवं? तू गप ऱ्हा. चिडला म्हंजी बगायचा न्हाई त्यो."

मी गप्प राहिले नाही. आलेल्या प्रत्येक सिस्टरला सांगितलं. सगळ्या हो म्हणाल्या. पेशींच्या पिशव्या चढत राहिल्या. यांच्या उशाशी चार-चार यंत्रं लुकलुकत होती, पण बोट टोचायला कुणी आलं नाही.

सकाळी यांना झटके आले. मग धावपळ झाली, साखर तपासली, ती तळाला गेलेली. ग्लुकोज दिलं. थोड्या वेळाने यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि विचारलं, "भट्टी इझवली का?"

"इझवली," मी म्हणाले. "तुमीच बगितली की वाकून."

"मग बरं," म्हणाले, आणि डोळे मिटले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी मात्र मी ओडिशा म्हणताच मान वर केली. त्यांनी नव्याने रक्त काढायला लावलं आणि काच स्वतः जाऊन पाहिली. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं. रक्त जंतूंनी भरलेलं होतं. त्यांनी औषधाचं नाव लिहून दिलं. दवाखान्याच्या मेडिकलवाल्याने ते वाचलं, दोन कपाटं उघडली, मिटली आणि म्हणाला, हे आम्ही ठेवत नाही.

ठेवत नाही! एवढ्या मोठ्या घरात, एवढ्या यंत्रांमध्ये, ती एवढीशी पावडरीची बाटली नव्हती. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय म्हणायचं? मेडिकलवाला फोनवर फोन लावत होता. साताऱ्यात ज्या दुकानांना विचारलं तिथे नाही. कराडला नाही. शेवटी सांगलीतल्या एका दुकानात आहे असं कळलं. गावचा एक भाऊबंद सांगलीत कामाला होता, तो बाटल्या घेऊन मोटारसायकलवर निघाला. तोवर नाकातल्या नळीतून गोळ्या घालून पाहिल्या, त्या उलटून पडल्या.

मामा खाली दरवाज्यात जाऊन उभे राहिले. ते इतके जवळ उभे होते की तो दरवाजा उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. वॉचमन म्हणाला, बाबा, मागे सरका. मामा एक पाऊल मागे सरायचे आणि रस्त्याकडे बघता बघता पुन्हा पुढे यायचे. दरवाजा उघडायचा. बाहेर कुणी नसायचं.

दुपार कलल्यावर बाटल्या आल्या. तीच बाटली. मी ओळखली. इथल्या सिस्टरने ती पूर्वी कधी हातात धरली नव्हती. खोक्यातला कागद उलगडून, एकेक ओळ बोटाने वाचत तिने औषध पातळ केलं. चांगली मुलगी होती. औषध शिरेत गेलं. पण तोवर लघवी बंद झाली होती, श्वासाचं यंत्र लावलं होतं. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत हे गेले.

मोठे डॉक्टर बाहेर येऊन आमच्या शेजारी बाकावर बसले. म्हणाले, "वर्ष वर्ष कुणी मागत नाही हे औषध. तारीख उलटून फेकून द्यावं लागतं, म्हणून ठेवत नाहीत. ठेवायला पाहिजे." ते खरं बोलले, आणि खरं बोलायला बाकावर येऊन बसले, हे मी मान्य करते. पण त्यांच्या खरेपणाचं मी काय करू? माझा माणूस औषधाच्या मागच्या गल्लीत राहत होता.

मातीला सारा गाव आला. सावडायच्या दिवशी राखेजवळ एक शहाणा म्हणाला, "नशीबवान. परमुलखात न्हाई, आपल्या मातीत गेला." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला त्या माणसाच्या तोंडात राख कोंबावीशी वाटली. मामा खाली बघत उभे होते. ते हळूच म्हणाले, "मातीसाटी न्हवता बोलावला मी त्येला." मग ते घरी आले आणि त्यानंतर कित्येक दिवस पारावर गेले नाहीत. कुत्र्याची गोष्ट त्यांनी पुन्हा कुणालाच सांगितली नाही.

मी आता गावीच असते, लेकीजवळ. दीर अजून तिकडेच आहेत. यंदाचा पाऊस सरत आला तसा त्यांचा फोन आला. थंडी वाजून ताप येतोय. घरात शेजारचे दोघे-तिघे बसले होते. ते लगेच म्हणाले, बोलवून घ्या, एकटा पोरगा आहे, गावाकडे येऊ दे. मी फोन हातात घेणार, तोच मामांनी तो माझ्या आधी उचलला. या खेपेला ते ओरडत नव्हते.

"घरला येऊ नगंस," ते म्हणाले.

तिकडून दीर काहीतरी बोलत होते. मामांनी ते ऐकून घेतलं.

"न्हाई. हितं काय न्हाई, लेकरा. आत्ताच्या आत्ता मागल्या गल्लीत जा." मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "व्हरांड्यात कुत्रं झोपल्यालं असंल बग. तांबडं, कान फाटल्यालं. त्येच्या बाजूला जागा करून बस, पर तितनं हलू नगंस."